नातवाचा दमा आणि मे महिन्यात बंद ठेवलेला पंप

पत्र

मी कोपरखैरण्याला सिडकोच्या जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहते. नातू सात वर्षांचा, दुसरीत आहे. दोन वर्षांपासून त्याला दमा आहे. मुलगा महापेला कामाला, सून ठाण्यात बँकेत. सातच्या आत दोघं घराबाहेर पडतात, म्हणून सकाळचा पंप द्यायचं काम माझ्याकडे. मे महिन्यात मी नातवाला घेऊन जुन्नरकडे आमच्या गावी गेले. तिथे पोर दिवसभर उंडारायचं, एकदाही खोकलं नाही. एवढ्याशा जिवाला रोज स्टिरॉइड कशाला, असं वाटून मी पंप थांबवला. तीन आठवडे दिला नाही. परत आलो, शाळा सुरू झाली, पाऊस लागला, आणि जूनच्या शेवटी एका रात्री इतकी धाप लागली की ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, औषध कमी पडतंय, आणि त्यांनी पंपाची ताकद वाढवली. मी पंप बंद ठेवला होता हे अजून कोणाला बोलले नाही. आता सून म्हणते धूप-उदबत्ती बंद. दही, केळं, फुटबॉल, तेही बंद. भिंतीला ओल आहे, डासांसाठी रात्री कॉइल लावावी लागते. मुलगा खाली जाऊन सिगारेट ओढून येतो. शेजारीण सांगते, हैदराबादला मृगाला माशातून औषध देतात, पुढच्या वर्षी घेऊन जा. पंपाची सवय लागते का? घरात नेमकं काय बदलू? आणि झालं ते सुनेला सांगू का?

एक आजी, कोपरखैरणे

उत्तर

आजी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, सांगा. सुनेला सांगा, मुलाला सांगा आणि याच आठवड्यात डॉक्टरांच्याही कानावर घाला.

डॉक्टरांनी पंपाची ताकद वाढवली ती एका समजुतीवर: पोर रोज औषध घेत होतं, तरी ॲटॅक आला, म्हणजे डोस अपुरा आहे. त्यांच्यासमोर जेवढी माहिती होती तेवढ्यावर त्यांचं बरोबरच होतं. पण एप्रिलपर्यंत तुमचा नातू जुन्या डोसवर ठीक होता आणि मे महिन्यात तो डोस त्याच्या छातीत गेलाच नाही. जे दिलंच नाही ते कमी पडलं, असं कसं म्हणायचं? ही एक गोष्ट कळली तर डॉक्टर कदाचित काही महिन्यांनी जुन्या ताकदीवर येतील, कदाचित पावसाळा सरेपर्यंत आत्ताचीच ठेवतील. ते त्यांना ठरवू द्या, आणि तोवर वाढवलेला डोस आपल्या मनाने कमी करू नका. नातवाच्या अंगात जास्त स्टिरॉइड जाऊ नये म्हणून तुम्ही पंप थांबवलात ना? आज त्याला कदाचित गरजेपेक्षा जास्तच चाललं असेल, आणि तुम्ही बोलल्याशिवाय ते कोणालाच कळणार नाही.

सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. सकाळच्या घाईत ओट्यापाशी नको. रविवारी नातू खाली खेळायला गेला की दोघांना समोर बसवा. "गावाला तो बरा होता म्हणून मी तीन आठवडे पंप दिला नाही. डॉक्टरांना हे कळायला हवं. मी तुमच्याबरोबर येते." एवढं पुरे. आपलं वय, आपला त्रास, आपल्या काळी काय होतं, यातलं काही त्यात मिसळू नका. सून रागावेल कदाचित. रागावू द्या. त्या रात्री धापा टाकणाऱ्या लेकराला तिने पाहिलंय. राग ओसरायला चार दिवस लागतील, पण पुढे कधीतरी हे तिला दुसरीकडून कळलं तर चार दिवसांत ओसरणार नाही.

आणि सूनबाई, हे तुमच्या वाचनात आलं तर तुमच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. दवाखान्यात आई-वडील जातात, डॉक्टर आई-वडिलांना समजावतात, आणि पंप देते आजी. हे मी इतक्या घरांत पाहते! ज्या हातांनी औषध द्यायचं त्या हातांना ते कशासाठी द्यायचं हेच कोणी बसून सांगितलेलं नसतं. मग लेकरू हसतंय, खेळतंय, खोकत नाही, असं दिसलं की कुठल्याही मायेच्या माणसाला वाटणारच की आता पुरे.

आता पंपाचं. दम्याच्या मुलाच्या श्वासनळ्यांना आतून सूज असते. मूल ठणठणीत दिसत असतं तेव्हाही थोडी असतेच. अशा सुजलेल्या नळ्यांना सर्दी, धूर, बुरशी असं काही लागलं की त्या आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. म्हणून पंप दोन. रोजचा पंप सूज उतरवतो. त्यात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन अशा नावाचं औषध असतं आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. दुसरा पंप धाप लागल्यावर घ्यायचा. त्यात साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल असतं. आवळलेल्या नळ्या तो काही मिनिटांत मोकळ्या करतो, पण सुजेला हात लावत नाही. नुसत्या धापेच्या पंपावर मूल काढणं म्हणजे तुमच्या त्या ओल्या भिंतीला वरून रंग मारण्यासारखं आहे. दिसायला बरं दिसतं, आतलं पाणी मुरतच राहतं.

गावाला तीन आठवडे काहीच का झालं नाही, हेही यातच आलं. रोजच्या पंपाचा गुण जसा हळूहळू येतो तसाच तो बंद केल्यावर हळूहळू उतरतो. शिवाय मे महिन्यातली जुन्नरची कोरडी हवा, शाळा नाही, दुसऱ्या मुलांची सर्दी नाही. मग जून आला. लहान मुलांच्या दम्याचा ॲटॅक सर्वांत जास्त वेळा साध्या विषाणूच्या सर्दीने येतो, आणि शाळा उघडली की पहिल्या पंधरा दिवसांत अख्खा वर्ग सर्दी घरी घेऊन येतो. त्यात घरातली ओल. पंप थांबवला मे महिन्यात, फटका बसला जूनमध्ये. मध्ये एवढं अंतर पडल्यावर एकाचा दुसऱ्याशी संबंध सहज लागत नाही.

पंपाची सवय लागते का? नाही. शरीर तो मागत नाही. थांबवल्यावर त्रास परत येतो कारण मुळातला दमा परत डोकं वर काढतो. बऱ्याच मुलांचा दमा मोठेपणी पुष्कळ कमी होतो. तुमच्या नातवाचं तसंच होईल असं आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण काही महिने सगळं शांत राहिलं की डॉक्टर स्वतःच डोस पायरीपायरीने उतरवतात.

स्टिरॉइड या शब्दाची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही, ती समजून घेऊ. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. या वयाच्या मुलाला दिवसाला २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास ब्युडेसोनाइड हा नेहमीचा, कमी डोस. मोठ्या ॲटॅकमध्ये दवाखान्यात तीन ते पाच दिवस पोटातून किंवा सलाइनमधून स्टिरॉइड द्यावं लागतं, तेव्हा वीस किलोच्या मुलाला एका दिवसात २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सहज जातं. म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे हिशोब ढोबळ धरा, पण फरक लक्षात येईल. शिवाय पंपाचं औषध थेट छातीत जातं, पोटातलं सगळ्या अंगभर फिरतं. रोजचा पंप देण्याचा एक मोठा उद्देशच हा की पोटातून स्टिरॉइड द्यायची वेळ येऊ नये.

उंचीची भीतीही बहुतेकांना असते. पंपाने पहिल्या वर्षी वाढीचा वेग साधारण अर्ध्या सेंटीमीटरने मंदावू शकतो, हे खरं आहे. मोठेपणी फरक राहिलाच तर तो सेंटीमीटरभराच्या आसपास राहतो. उलट ज्याचा दमा आटोक्यात नाही, जो रात्र रात्र खोकतो, त्याची वाढ दम्यानेच खुंटू शकते. पंप घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोंडात पांढरा थर येण्याचा त्रासही टळतो.

आता तुमच्या हातात जे आहे ते: पंप द्यायचा कसा. घरातल्या सगळ्या बदलांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण चुकीच्या पद्धतीने दिलेला पंप गालाला आणि जिभेला लागतो, छातीत पोचतच नाही. स्पेसर, म्हणजे ते प्लास्टिकचं नळकांडं, दर वेळी वापरायचंच. नातवाला ताठ बसवा. पंप चांगला हलवा, स्पेसरला लावा, एक दाब द्या आणि त्याला स्पेसरमधून पाच-सहा वेळा सावकाश श्वास घेऊ-सोडू द्या. आतली झडप टकटक हलताना दिसली की समजायचं, औषध आत चाललंय. दुसरा पफ असेल तर अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, मग दाबा. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडायचे नाहीत, त्यातलं बरंचसं आतल्या भिंतीला चिकटून वाया जातं. मूल रडत असेल तर आधी शांत करा. रडताना औषध नीट आत जात नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पाचव्या वर्षी घेतलेला मास्कवाला स्पेसरच अजून चालू असेल, असा माझा अंदाज आहे. सात वर्षांचा मुलगा ओठांनी नळी घट्ट धरून श्वास घेऊ शकतो, आणि तसं केलं की नाकात अडकणारं औषध वाचतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मास्क काढायचा का, हे विचारा. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं.

दोन्ही पंपांवर जाड पेनाने लिहा. एकावर "रोज", दुसऱ्यावर "धाप". रंगांवर विसंबू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. रोजच्या पंपावर सुरू केल्याची तारीखही लिहा. बरेच पंप १२० पफचे असतात. सकाळी दोन, रात्री दोन असा हिशोब असेल तर तो तिसाव्या दिवशी संपतो. त्यानंतरही दाबल्यावर फुसफुस येत राहते, पण त्यात औषध असेलच असं नाही. आणि सकाळचा पंप दात घासायच्या आधी द्या, म्हणजे विसरायला होत नाही आणि चूळही आपोआप भरली जाते.

घराकडे वळू. सुनेने खूप काही एकदम बंद केलंय. तिची काळजी मला कळते, पण या यादीतलं अर्धं सोडून द्यायला हवं आणि अर्ध्यावर आत्तापेक्षा जास्त जोर लावायला हवा.

पहिल्यांदा धूर, आणि धुरात पहिल्यांदा कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण, पीएम २.५, हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात. आणि ती जळते कुठे? रात्रभर, बंद खोलीत, झोपलेल्या मुलाच्या पायथ्याशी. ती आजच बंद करा. पण डास राहू देऊन चालणार नाही, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाची भीती खरीच आहे. खिडक्यांना जाळी बसवून घ्या आणि नातवाला मच्छरदाणीत झोपवा. गावाकडची जुनी मच्छरदाणी असेल तर धुऊन, फाटली असेल तिथे शिवून वापरा. विजेवर चालणाऱ्या द्रवाच्या मशीनने धूर होत नाही, तरी काही मुलांना त्याच्या वासानेही खोकला येतो. मच्छरदाणी सर्वांत बरी.

धूप-उदबत्तीबाबत सुनेच्या बाजूने बोलते आहे, राग मानू नका. धुराला देवघर आणि रस्ता यांतला फरक कळत नाही. लोबान, धूप, नुसता कापूर जाळून घरभर फिरवणं, हे सगळं या मुलाच्या घरात नको. पूजा मात्र बंद करायचं काहीच कारण नाही. निरांजन लावा, फुलं वाहा, घंटा वाजवा. उदबत्तीवाचून अगदीच चुकल्यासारखं वाटत असेल तर तो शाळेत गेल्यावर, खिडकी उघडी ठेवून एक लावा आणि तो यायच्या आधी तासभर घर वाऱ्यावर ठेवा. गणपतीत आरतीला त्याला खिडकीजवळ उभा करा, टाळ त्याच्या हातात द्या, कापराचं तबक मोठ्यांनी धरावं. गणपतीआधी घराला रंग द्यायचा विचार असेल तर वास जाईपर्यंत त्याला दोन-चार दिवस मावशीकडे किंवा आत्याकडे पाठवा. दिवाळीत फुलबाजीचा हट्ट धरील, पण नागगोळीला तर हातही लावू देऊ नका. एवढ्याशा गोळीतून प्रचंड दाट धूर निघतो, आणि तो पाहायला मुलं नेमकी तोंड खाली घालून बसतात.

मुलाच्या सिगारेटीचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत. खाली जाऊन ओढली तरी कपड्यांना, केसांना, श्वासाला धूर चिकटून वर येतो. यावर मधला तोडगा नाही. सोडायला हवी. आणि सोडायला औषधांची, समुपदेशनाची मदत मिळते, हे त्याला सांगा. घरात उदबत्ती बंद आणि बाबांची सिगारेट चालू, असं तर होऊ नये.

स्वयंपाकघरात फोडणी देताना खिडकी आणि पंखा चालू, नातू बाहेरच्या खोलीत. वर्षाचा मसाला करायचा तर मिरच्या घरी भाजू नका. डंकावर भाजून-कुटून आणा आणि डबे भरायचं काम तो शाळेत असताना करा. झुरळांच्या विष्ठेनेही दमा चाळवतो, तेव्हा झुरळं मारायलाच हवीत, पण फवारा मारून नको. ट्रॉलीच्या कोपऱ्यांत, सिंकखाली लावायचं जेल मिळतं, ते लावा. रात्री खरकटं उघडं ठेवू नका. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढून टाका.

दुसरी मोठी गोष्ट ओल. वरच्या मजल्यावरच्या घरात पाणी बहुधा गच्चीतून मुरतं, आणि गच्चीची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे. मुलाला सोसायटीला लेखी अर्ज द्यायला सांगा. घरात दम्याचं मूल आहे, अशी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली तर अर्जाला वजन येतं. काम पावसाळ्यानंतरच होईल, हे मला ठाऊक आहे. तोवर नातवाचा पलंग त्या भिंतीपासून हलवा, कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. काळे-हिरवे डाग दिसतील ते तो घरात नसताना, तोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याने घासून काढा आणि पंख्याखाली भिंत सुकवा. वरून वॉलपेपर किंवा प्लायवूड लावून झाकू नका, बुरशीला त्यामागे रान मोकळं मिळतं. पावसाळ्यात ओले कपडे त्याच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. इमारतीच्या डक्टमध्ये किंवा एसीच्या मागे कबुतरांनी घर केलं असेल तर जाळी लावून घ्या आणि विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून मगच काढा.

मग अंथरूण. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे गादी-उशीत राहतात, माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. आपण खाडीकाठी राहतो, पावसाळ्यात नवी मुंबईत हवाच पाण्याने भरलेली असते. किडे घरातून पूर्ण घालवता येणार नाहीत, त्या नादी लागून रोज घर धुऊ नका. फक्त तो जिथे आठ-नऊ तास नाक टेकवून झोपतो ती जागा सांभाळा. गादीला आणि उशीला चेनचं रेक्झिनचं किंवा दाट विणीचं कव्हर घाला. चादर, अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा, पाणी ६० अंशांच्या आसपास असलं की किडे मरतात. केसाळ ब्लँकेटपेक्षा तुमची जुन्या लुगड्याची पातळ गोधडी त्याच्यासाठी कितीतरी चांगली, कारण ती दर आठवड्याला धुता येते. पलंगावरचं एखादं लाडकं अस्वल असेल तर ते हिसकावू नका. पिशवीत घालून एक अख्खा दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग धुवा. फरशी केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, तेही तो शाळेत असताना. महागडा एअर प्युरिफायर इतक्यात घेऊ नका. तेच पैसे जाळी, कव्हर आणि नवा स्पेसर यांत घाला.

घराबाहेरची हवा तुमच्या हातात नाही, तरी थोडी सावधगिरी बाळगता येते. एमआयडीसीच्या बाजूने रात्री-पहाटे रसायनाचा वास आला की खिडक्या लावून घ्या, आणि मुलाला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेळ-तारखेसह तक्रार करायला सांगा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा जमिनीलगत साचून राहते. त्या दिवसांत "समीर" या सरकारी ॲपवर आकडा पाहून, फारच वाईट असेल तर खेळ घरात ठेवा. आणि फ्लूची लस दर वर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी. यंदा राहिली असेल तर आताही डॉक्टरांना विचारा.

दही आणि केळं त्याला परत द्या. एखाद्या पदार्थाने त्याला खरोखर त्रास होतो असं तुम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं असेल, तर तो एक पदार्थ वेगळा. "थंड" म्हणून दही, ताक, केळं, काकडी, पेरू असं एकेक काढत गेलं की दमा तिथेच राहतो आणि पोर वाळतं. फुटबॉलही परत सुरू करायचा आहे. आता ॲटॅकमधून नुकताच उठलाय, तेव्हा डॉक्टरांच्या होकारानंतर. खेळताना धाप लागत असेल तर पंपाचा डोस तपासायचा, खेळ काढून घ्यायचा नाही.

हैदराबादला कृपया नेऊ नका. ते औषध फुकट देतात, श्रद्धेने देतात, लांबून लोक येतात, हे सगळं खरं. पण त्याने दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही, आणि सात वर्षांच्या मुलाच्या घशात जिवंत मासा घालणं मला धोक्याचं वाटतं. त्याहून मोठी भीती ही की तिथून आल्यावर घरात कोणीतरी म्हणेल, आता पंप कशाला. नाव नसलेल्या पुड्यांपासूनही लांब राहा. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण देणाऱ्या अशा काही पुड्यांत पोटातून घ्यायचं स्टिरॉइडच मिसळलेलं आढळतं, आणि किती ते कोणालाच माहीत नसतं. हळदीचं दूध, कोमट पाणी खुशाल द्या. वाफ मात्र नको. दम्यात तिचा उपयोग नाही आणि उकळत्या पातेल्याने मुलं भाजतात.

रात्री किंवा दिवसा पुन्हा धाप लागली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा, कारण त्या वेळी घरात कदाचित तुम्ही एकट्याच असाल. साधारण असं असतं: त्याला बसवा, आडवं करू नका. "धाप" लिहिलेल्या पंपाचे चार ते सहा पफ स्पेसरमधून, एकेक करून, प्रत्येकाला पाच-सहा श्वास. वीस मिनिटं पाहा. आराम नसेल तर तेवढेच पुन्हा द्या आणि निघायची तयारी करा. बरं वाटलं पण तीन-चार तासांच्या आत परत लागलं, तरी दवाखाना गाठा. बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, ओठ निळसर दिसतात, मूल गळून झोपाळल्यासारखं करतं, किंवा जोरात धाप लागलेली असताना शिट्टीचा आवाज एकदम बंद होतो, यातलं काहीही दिसलं तर वीस मिनिटं थांबायचं नाही. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत पफ देत राहा. लहान मुलांसाठी रात्रीही ऑक्सिजन आणि डॉक्टर हजर असतात अशी जवळची जागा कुठली, हे आत्ताच मुलाला विचारून त्याच कागदावर फोन नंबरासह लिहा.

धापेचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागायला लागला, किंवा रात्री खोकल्याने तो उठायला लागला, तर दमा हाताबाहेर जातोय असं समजून ॲटॅकची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. एका जुन्या कॅलेंडरवर रोजचा पंप दिला की टिक, धापेचा दिला की फुली, असं तुम्हीच मांडत जा. पुढच्या भेटीला ते कॅलेंडर, दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत घालून तुम्ही स्वतः जा, आणि डॉक्टरांसमोर एकदा नातवाला पंप देऊन दाखवा. एक जादा धापेचा पंप आणि स्पेसर शाळेत नाव घालून ठेवायचाय. तो कधी आणि कसा द्यायचा, हे वर्गशिक्षिकेला आणि खेळाच्या सरांना सून समजावून सांगेल, तेव्हा तुम्हीही तिच्याबरोबर जा.